काठाखालचे कवडसे

एक फोटो पुसला जाताना पाहिला आणि तो मनातून जाईना. भर दुपारचं ऊन, रुंद काठाची गवती हॅट घातलेली एक बाई, मान किंचित वर केलेली. हॅटच्या विणीतून ऊन गळून तिच्या गालावर, नाकाच्या शेंड्यावर, एका पापणीवर ठिपके सांडलेले. फोटो काढणाऱ्याने स्क्रीनवर तो मोठा करून पाहिला, "चेहऱ्यावर डाग आलेत" म्हणाला आणि पुसून टाकला. मग तिला हॅट काढायला लावून भिंतीच्या सावलीत एक नीटस फोटो घेतला. त्याला दोष देता येत नाही; डाग कुणालाच नको असतात. पण पुसण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत जे दिसलं ते सलत राहिलं. त्या हॅटची वीण उभ्या-आडव्या काड्यांची होती, म्हणजे तिच्यातली भोकं चौकोनी. गालावरचे ठिपके मात्र गोल होते. जिथे ऊन तिरकं लागत होतं तिथे लांबट, पण कोपरा एकालाही नव्हता. चौकोनी भोकातून गोल उजेड कसा उतरला, याचं उत्तर त्या फोटोतच होतं, आणि तोच गेला.

हौशी छायाचित्रणात हॅट येते ती बहुधा सजावट म्हणून. फोटोला जरा रंगत यावी, हातांना काही काम मिळावं, विरळ केस झाकले जावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. ती डोक्यावर चढली की खाली काय बदलतं याकडे लक्ष जात नाही. हॅट म्हणजे डोक्याबरोबर हलणारं छप्पर आहे आणि तिचा काठ म्हणजे त्या छपराची वळचण. वळचणीखाली उभ्या माणसाच्या अंगावर जसा वरचा उजेड थांबतो आणि समोरचा, खालचा उजेड पोचतो, तसंच काठाखालच्या चेहऱ्याचं होतं. चेहरा तोच, जागा तीच, ऊन तेच, पण प्रकाश येण्याची दिशा पार बदललेली. हे एकदा डोळ्यांत बसलं की हॅटच्या फोटोत काय बिघडतं आणि का, याचा उलगडा आपोआप होत जातो.

आधी सावलीचं मोजमाप. मध्यम हॅटचा काठ कपाळापासून साधारण ७ सेंटिमीटर पुढे येतो. डोळे खोबणीत जरा आत असतात, म्हणून काठाच्या टोकापासून डोळ्यांचं आडवं अंतर ८ सेंटिमीटर धरू, आणि काठाच्या पातळीपासून डोळे ५ सेंटिमीटर खाली. एवढ्यावरून हिशेब निघतो : सूर्य क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर चढला की काठाची सावली डोळ्यांवर येते. हनुवटी काठाच्या पातळीखाली १७ सेंटिमीटर असेल तर सूर्य ६५ अंशांच्या आसपास गेल्यावर अख्खा चेहरा झाकला जातो. या दोन्हींच्या मधे सावलीची रेघ गालांवरून, नाकावरून, ओठांवरून खाली सरकत असते. ती रेघ नेमकी नाकाच्या मधोमध आली की फोटो सर्वांत वाईट दिसतो : वर काळोख, खाली पांढरा पडलेला हनुवटीचा तुकडा. हे अंश मोजायला कुठलंही उपकरण लागत नाही. जमिनीवर पडलेली आपली सावली बघायची. सावली उंचीच्या दीडपटीहून लांब असेल तर डोळ्यांपर्यंत ऊन पोचतं आहे. उंचीच्या निम्म्याहून आखूड झाली असेल तर चेहरा पूर्ण छपराखाली गेला. आणि काठ ७ ऐवजी १० सेंटिमीटर रुंद असेल तर डोळ्यांची हद्द ३२ वरून २४ अंशांवर उतरते, म्हणजे आपली सावली आपल्या दुपटीहून लांब असतानाच फोटो काढून घ्यावा लागतो.

एक सोपा उपाय हॅटमध्येच आहे. हॅट डोक्यावर जराशी मागे सरकवली, दहाएक अंश, की काठाचं टोक सुमारे ३ सेंटिमीटर वर उचललं जातं. तेवढ्याने ३२ अंशांची हद्द ४५ वर जाते. सकाळी आणि संध्याकाळी मिळून जवळजवळ दोन तास हातात येतात ते केवळ बोटभर काठ उचलल्यामुळे. मात्र बोटभरच. त्याहून मागे गेली की कपाळ उघडं पडतं, हॅट घातल्यासारखी न दिसता अडकवल्यासारखी दिसते आणि माणसाचा चेहरा विनाकारण भोळा होतो. हनुवटी वर करायला सांगणं हा दुसरा उपाय बरेच जण वापरतात. त्याने सावली सरकते खरी, पण नाकपुड्या दिसू लागतात, मान ताणली जाते आणि डोळे थेट सूर्यासमोर येऊन मिचमिचतात. मान तशीच ठेवून फक्त हॅट हलवावी. क्रिकेटच्या टोपीसारखी फक्त पुढे झापड असलेली टोपी असेल तर बाजूने येणारं ऊन तिला अडवता येत नाही, म्हणून तिथे माणसाला सूर्याकडे थोडं आडवं उभं केलं तरी भागतं. गोल काठाच्या हॅटला आडवं आणि समोर सारखंच.

पण सावली टाळायचीच, असं कोणी ठरवलं?

वरचं ऊन अडल्यावर काठाखाली उजेड येतो कुठून, हे एकदा शांतपणे पाहण्यासारखं आहे. वरचं आकाशही काठानेच झाकलेलं असतं. उरते ती समोरची मोकळी दिशा आणि पायाखालची जमीन. जमीन उन्हात न्हालेली असेल तर तीच मोठा दिवा होते आणि तिचा रंग चेहऱ्यावर चढतो. हिरवळीवर उभं केलेल्या माणसाच्या जबड्याखाली, गालांच्या खालच्या बाजूला हिरवट छटा येते. ती फोटोतून काढताना ओठांचाही रंग उडतो. कोरडी वाळू उबदार आणि भरपूर उजेड देते. ताजा बर्फ तर अंगावर पडलेल्या उन्हाच्या पाचपैकी चार हिश्श्यांहून जास्त परत फेकतो, तिथे काठाखाली जवळजवळ सावली उरत नाही. काळा डांबरी रस्ता जेमतेम विसावा भाग परत देतो, म्हणून रस्त्याच्या मधोमध घेतलेल्या फोटोत काठाखाली अंधारी गुहा होते. फिकट काँक्रीट किंवा करडी फरशी सर्वांत बरी : उजेड पुरेसा आणि रंग जवळपास नाहीच. दुसरा रंग येतो काठाच्या खालच्या अंगाकडून. जमिनीवरून वर गेलेला उजेड काठाच्या पोटावर आदळून पुन्हा कपाळावर उतरतो. गवती हॅट कपाळ पिवळसर करते, लाल अस्तराची हॅट तापाने फणफणल्यासारखं दाखवते. एकाच चेहऱ्यावर कपाळाला एक रंग आणि हनुवटीला दुसरा असं झालं की व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे फोटोतली रंगछटा सुधारण्याचं, एकच बटण दोन्ही एकदम सुधारू शकत नाही. म्हणून जागा निवडताना आकाशाआधी जमीन बघावी.

जमीन साथ देत नसेल तर ती हातात धरता येते. साधारण ५० बाय ७० सेंटिमीटरचा पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा पत्रा पुरतो. तो कमरेच्या उंचीवर, चेहऱ्यापासून ६० सेंटिमीटर ते एक मीटरवर धरायचा. स्वतः पुठ्ठा उन्हात हवा. सावलीत उभ्या केलेल्या पुठ्ठ्याकडे देण्यासारखं काही नसतं आणि ही चूक फार वेळा होते. मग त्याचा कोन हळूहळू बदलत डोळ्यांकडे बघायचं. बुबुळात तळाशी एक फिकट चौकोन उमटला की थांबायचं. तो चौकोन म्हणजे पुठ्ठ्याचं प्रतिबिंब, आणि तो दिसतो म्हणजे उजेड पोचला. पुठ्ठा जवळ आणला की चेहरा झपाट्याने उजळतो, पण सावली पूर्ण पुसेपर्यंत जवळ आणू नये. काठाखाली थोडी सावली राहिली पाहिजे, नाहीतर हॅट घातली आहे की वर चिकटवली आहे हे कळत नाही. चंदेरी रिफ्लेक्टर जास्त उजेड देतो, पण खालून डोळ्यांत चमकतो आणि माणूस भुवया आवळतो. हॅटसाठी पांढराच बरा.

फ्लॅशचंही तसंच आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्या जवळपास उंचीवर असतो, त्यामुळे तो काठाखाली सरळ शिरतो. इतर पोर्ट्रेटमध्ये सपाट वाटणारा हा उजेड इथे कामाचा ठरतो. फक्त त्याचा जोर एक ते पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करून ठेवायचा, म्हणजे तो सावली भरतो आणि स्वतः दिसत नाही. अडचण येते ती शटरची, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या झडपेच्या वेगाची. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर सेकंदाच्या २०० व्या किंवा २५० व्या भागाहून वेगवान शटर नेहमीच्या पद्धतीत चालत नाही. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० वर, १/२०० शटरला कडक उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/११ लागतं, आणि एफ/११ वर कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश दोन मीटरपलीकडे दुबळा पडतो. तेव्हा जवळ जायचं किंवा वेगवान शटरशी जुळणारा वेगळा फ्लॅश वापरायचा. घरात मात्र नेमकं उलटं बिघडतं. छतावर फ्लॅश मारून मऊ उजेड आणण्याची सवय असलेले लोक हॅटवाल्या माणसावरही छतावरच मारतात. उजेड वरून येतो, काठ त्याला अडवतो आणि घरातच भर दुपार अवतरते. हॅट असली की छत विसरून बाजूच्या भिंतीवर किंवा स्वतःच्या पाठीमागच्या भिंतीवर फ्लॅश वळवावा.

आता एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, कारण सर्वांत जास्त फोटो वाया जातात ते इथे. उन्हातली हॅट आणि तिच्या काठाखालचा चेहरा यांच्यात साधारण दोन ते तीन स्टॉपचा फरक असतो, म्हणजे चेहऱ्यावर पोचणारा उजेड हॅटवरच्या उजेडाच्या चौथ्या ते आठव्या हिश्श्याइतका. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरीने करडं समजतो. हॅट पांढरी असेल तर तो घाबरून फोटो काळपट करतो आणि चेहरा तर पारच बुडतो. काळी फेल्ट हॅट (फेल्ट म्हणजे लव दाबून केलेलं जाड कापड) फ्रेममध्ये मोठी असेल तर तो तिला करडी करण्याच्या नादात चेहरा भाजून काढतो. पांढऱ्या हॅटला एक ते दीड स्टॉप वाढवून आणि काळ्या हॅटला एक ते दीड स्टॉप घटवून सुरुवात करावी. पण याहून भरवशाचा मार्ग आपल्या तळहातात आहे. तळहात चेहऱ्याजवळ, त्याच सावलीत, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचा, फ्रेम त्याने भरून मीटर वाचायचा, आणि त्या आकड्याला एक स्टॉप जास्त देऊन एक्सपोजर लॉक करायचं. अंगाचा रंग गोरा असो की सावळा, तळहात बहुतेकांचा मीटरच्या करड्यापेक्षा स्टॉपभर उजळच असतो. एवढं केलं की चेहरा नेमका येतो आणि उन्हातला हॅटचा माथा दोन-तीन स्टॉप जास्त उजळ होतो. फेल्ट काळी असेल तर तिला ते सोसतं. पांढरी गवती हॅट मात्र विरून जाते. तिथे चेहरा स्टॉपभर अंधारा ठेवून, रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) नंतर उचलावा, कारण पांढरं जळून गेलेलं परत येत नाही आणि सावलीतलं बरंचसं येतं.

फोन हे सगळं स्वतःच करू पाहतात. अनेक फ्रेम एकावर एक ठेवून ते काठाखालची सावली उचलतात, हॅटचा उजेड दाबतात. चेहरा स्वच्छ दिसतो, सगळे खूश होतात. मला मात्र अशा फोटोंत काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. माथ्यावर ऊन आहे आणि काठाखाली त्याची सावली नाही, मग हॅट ऊन अडवते आहे यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून धरलं की एक्सपोजर लॉक होतं. मग बोट थोडं खाली ओढून अर्धा-पाऊण स्टॉप उजेड कमी केला की ती सावली निदान काही अंशी परत येते.

फोकसची गोष्ट छोटी पण फसवी आहे. कॅमेऱ्याला ठळक रेघ आवडते आणि काठाची धार ही फ्रेममधली सर्वांत ठळक आणि सर्वांत जवळची रेघ असते. सावलीतले डोळे ओळखणारी यंत्रणाही अनेकदा गोंधळून काठावर जाऊन बसते. ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/१.८ ला, दीड मीटरवरून, स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. काठाचं टोक डोळ्यांच्या ८ सेंटिमीटर पुढे आहे, म्हणजे एकावर फोकस गेला की दुसरं धूसर होणारच. एफ/५.६ ला ती खोली दहा सेंटिमीटरच्या आसपास, एफ/८ ला पंधरापर्यंत जाते. डोळ्यांवर फोकस ठेवून एफ/८ घेतलं की काठही पुरेसा रेखीव राहतो. लेन्स रुंद कोनाची घेऊ नये. चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर कॅमेरा असेल तर पुढचा काठ चेहऱ्याच्या मानाने सुमारे १९ टक्के मोठा उमटतो आणि माणूस हॅटखाली दबून जातो. दोन मीटरवरून तोच फरक ४ टक्क्यांवर येतो. म्हणून आधी दोन मीटर मागे सरायचं आणि मग त्या अंतराला शोभेल ती लेन्स लावायची.

इतकं सगळं डोळे दिसावेत म्हणून. आणि तरीही हॅटच्या ज्या फोटोंपाशी पुन्हापुन्हा जावंसं वाटतं, त्यांतल्या एकात डोळे मुळी दिसतच नाहीत. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगने १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोत, फुकट अन्नासाठी रांग लावलेल्या बेकार माणसांचा फोटो घेतला. गर्दीतले जवळपास सगळे पाठमोरे, हॅटच हॅट. एकच माणूस कॅमेऱ्याच्या बाजूला वळलेला, लाकडी कठड्यावर कोपरं टेकलेली, बोटं एकमेकांत गुंतवलेली, हातांच्या मधे पत्र्याचा रिकामा डबा. त्याच्या मळक्या, चुरगळलेल्या हॅटचा काठ डोळ्यांवर उतरलेला आहे. दिसतं ते फक्त मिटलेलं तोंड आणि न केलेली दाढी. पुठ्ठा धरून, फ्लॅश मारून त्या काठाखाली उजेड नेला असता तर आपल्याला एक दुःखी चेहरा मिळाला असता. काठ खाली असल्यामुळे त्या माणसाची लाज राखली गेली आहे, आणि आपण त्याच्या हातांकडे बघतो. हा फोटो पाहिला की वर सांगितलेले सगळे उपाय हातात असूनही ते कधी वापरू नयेत हा प्रश्न उभा राहतो. अनोळखी माणसाने स्वतःहून खाली ओढलेला काठ वर करायला सांगू नये, एवढं तरी मला पक्कं वाटतं.

दुसरा फोटो अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झचा, १९०७ सालचा. युरोपला निघालेल्या कैसर विल्हेल्म दुसरा या जहाजावर तो पहिल्या वर्गाच्या प्रवाशांतून बाहेर पडून खालच्या वर्गाच्या डेककडे बघत उभा होता. वरच्या मजल्यावर कठड्याशी गर्दी, खाली बायका-मुलं, तिरपा जिना, तिरकं धुराडं, आणि त्या सगळ्यात खाली वाकून बघणाऱ्या एका तरुणाची गोल गवती हॅट. स्टिग्लिट्झकडे कॅमेरा नव्हता. तो धावत केबिनमध्ये गेला, न वापरलेली एकच प्लेट शिल्लक होती ती घेऊन परत आला, आणि धाकधूक एवढीच की तो हॅटवाला मधल्या वेळात हलला तर नसेल? तो हलला नव्हता. हा फोटो पाहताना हॅटवर बोट ठेवून बघावं. ती फिकट लंबवर्तुळाकार चकती झाकली की जिना, धुराडं, कठडा, सगळे तिरपे आकार एकमेकांपासून सुटतात. वरून पाहिलं की हॅट चेहऱ्याची राहत नाही. तो उजेड धरणारा एक स्वच्छ गोल होतो. दुपारी, जेव्हा काठाखाली काहीच साधत नाही, तेव्हा गच्चीवर किंवा जिन्यावर चढून खाली पाहावं. पांढरी हॅट काळसर जमिनीवर, काळी हॅट फिकट जमिनीवर, आणि प्रत्येक गोलाला चिकटलेली एकेक आखूड सावली. एक्सपोजर फिकट हॅटवर ठेवायचं, बाकी काळोखात जाऊ द्यायचं.

कुणाच्याही डोक्यावर नसलेली हॅट हा आणखी निराळा विषय. टेबलावर काठावर ठेवलेली हॅट मेल्यासारखी दिसते, कारण काठाचा नैसर्गिक बाक दबून सपाट होतो. तिला उंचीवर ठेवावी लागते. मध्यम डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर म्हणजे व्यास सुमारे १८ सेंटिमीटर. त्या मापाचं भांडं उपडं ठेवून त्यावर हॅट बसवता येते, पण डोकं लांबट असतं आणि भांडं गोल, त्यामुळे बाजू ताणल्या जाऊन पुढचा काठ वर उडतो. त्यापेक्षा अरुंद बरणी घ्यावी, हॅटमध्ये पातळ कागदाचे बोळे हलक्या हाताने भरावेत आणि ती बरणीवर ठेवावी. काठ टेबलापासून १५-२० सेंटिमीटर वर राहिला की त्याची सावली सुटी पडते आणि हॅटला वजन येतं. कॅमेरा काठाच्या पातळीहून १०-१५ अंश वर ठेवला तर माथ्यावरचा खळगा आणि पुढची चिमट दोन्ही दिसतात. उचलताना मात्र त्या चिमटीत धरून उचलू नये. फेल्ट तिथे झिजते आणि वाळलेलं गवत तिथेच मोडतं. काठाला दोन्ही हातांनी धरावी.

काळी फेल्ट ही सर्वांत अवघड. समोरून उजेड दिला की ती गिळून टाकते आणि फोटोत नुसतं भोक उरतं. उजेड मागून-बाजूने, हॅटच्या पाठीमागच्या कोपऱ्यातून, पृष्ठभागाला घासून जाईल असा द्यायचा. मग कडेने एक रुपेरी रेघ उमटते आणि लव दिसू लागते. मोठी खिडकी मागे एका बाजूला आणि पुढे पांढरा पुठ्ठा, एवढ्यावर काम भागतं. पण घासून जाणारा उजेड धुळीचा कणनकण उभा करतो. बोटांना चिकटपट्टी उलटी गुंडाळून टिपून घ्यावी, मग मऊ ब्रशने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, लव बसलेली असते तसं, झाडावं. उलटं झाडलं तर फोटोत पट्टे दिसतात. पोचा पडला असेल तर किटलीच्या वाफेवर वीतभर अंतराने धरून आतून बोटाने हळू दाबला की निघतो. जुन्या फेल्ट हॅटला मात्र वाफ देऊ नये. सशाच्या आणि बीव्हरच्या लवेची फेल्ट करताना पाऱ्याचा नायट्रेट वापरत असत. अमेरिकेत या वापरावर १९४१ च्या डिसेंबरात बंदी आली, तोवर कारागिरांच्या पिढ्या त्या वाफेने हातापायांच्या थरथरीने आणि वेडाने गेल्या. तो पारा जुन्या फेल्टमध्ये अजून असू शकतो. अशी हॅट मोकळ्या हवेत, हातमोजे घालून हाताळावी आणि पोचा आहे तसाच राहू द्यावा. तसं पाहिलं तर पोचा हाच तिचा फोटो असतो. आतली घामपट्टी काळवंडलेली, रिबनच्या वरच्या कडेला घामाच्या मिठाची पांढरी लाट, एका बाजूचा काठ बोटांच्या पकडीने गुळगुळीत झालेला : हे सगळं आतून, उलटी ठेवलेल्या हॅटमध्ये, एफ/११ आणि ट्रायपॉडवर टिपावं. संगणकावर ते डाग पुसण्याचा मोह होतो. पुसल्यावर दुकानातली हॅट उरते.

गवती हॅटची बारीक वीण कधीकधी फोटोत इंद्रधनुषी लाटा उठवते, कारण विणीची ओळ आणि सेन्सरच्या ठिपक्यांची ओळ एकमेकींत गुंततात. कॅमेरा हातभर पुढे-मागे केला किंवा हॅट थोडी फिरवली की त्या जातात. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅपर्चर एफ/१६ करावं, तिथे तपशील जरासा मऊ होतो आणि लाटा विरतात.

आणि त्याच विणीतून ते कवडसे. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाची चकती आहे. बारीक भोकातून त्याचं चित्र पलीकडे पडतं, आणि त्या चित्राचा व्यास अंतराच्या सुमारे १०७ व्या हिश्श्याइतका असतो. काठापासून गाल २० सेंटिमीटरवर असेल तर सूर्याचं चित्र जवळपास २ मिलिमीटरचं. भोक मिलिमीटरभराचं असलं तर त्याचा चौकोन त्या गोलात हरवून जातो. त्या बाईच्या गालावर काड्यांची भोकं पडली नव्हती, सूर्य पडले होते, पंचवीस-तीस तरी. शिवाय उजेड असा पसरल्यामुळे मंदावतोही : मिलिमीटरच्या भोकातून २० सेंटिमीटरवर पोचलेला कवडसा थेट उन्हाच्या जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्श्याचा असतो. म्हणून बारीक विणीचे कवडसे काठाखालच्या सावलीला सांभाळून घेतात, चेहऱ्यावर चमकतात पण जळत नाहीत. भोकं चार मिलिमीटरची असली तर मधोमध पूर्ण ऊन पोचतं, सावलीहून तीन स्टॉप उजळ, आणि तेच ठिपके पांढरे डाग होतात. एक्सपोजर कवडशांवर ठेवावं, चेहऱ्यावर नको. एक कवडसा पापणीवर न येता बुबुळाशेजारी येईपर्यंत मान तसूभर हलवायला सांगावी. बाकी काही करू नये.

सूर्याला खंडग्रास ग्रहण लागलं की ते सगळे गोल एकदम चंद्रकोरी होतात, गालभर. २ ऑगस्ट २०२७ रोजी दक्षिण स्पेनपासून उत्तर आफ्रिका आणि अरबी द्वीपकल्पावरून खग्रास पट्टा जाणार आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फार मोठ्या प्रदेशावर खंडग्रास दिसेल. सूर्याकडे पाठ करायची, हॅट हातात धरायची आणि समोर पांढरा कागद. त्याआधी कुठल्याही दुपारी सराव करता येतो. हॅट कागदापासून दोन सेंटिमीटरवर धरली की विणीचे चौकोन जसेच्या तसे उमटतात. मग ती हळूहळू वर न्यायची. वीतभर उंचीवर कोपरे बोथट होतात. हातभर उंचीवर चौकोन एकही शिल्लक नसतो, कागदावर फक्त फिकट गोल थरथरत असतात, एकमेकांत थोडे मिसळलेले, हॅट धरलेल्या हाताबरोबर हलणारे.